चित्र दिसतं, आवाज येत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जळगाव असो की धुळे, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात एक तक्रार हमखास ऐकू येते. अहिराणीत ती अशी, ‘भाऊ, चित्र दिखस, पन आवाज येत नही.’ आज बोलायचं आहे ते या तक्रारीबद्दल आणि तेही जुन्या, काचेच्या पिक्चर ट्यूबच्या रंगीत टीव्हीबद्दल.

आपल्या देशात दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं १५ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई खेळ झाले आणि रंगीत टीव्हीची ओढ लागली. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा शेजारपाजारची माणसं एकाच संचासमोर दाटीवाटीनं बसत. आता दिवाणखान्यात सपाट टीव्ही आला. जुना संच मळ्यातल्या घरात गेला, नाही तर आजी-आजोबांच्या खोलीत. ज्यांची नजर मंदावली आहे, ते टीव्ही पाहतात कमी आणि ऐकतात जास्त. त्यांच्या दृष्टीनं आवाज गेला म्हणजे टीव्हीच गेला. घरातले म्हणतात, ‘जुना झाला, द्या भंगारात.’ तो निर्णय घेण्याआधी थोडं थांबा, एवढंच मला सांगायचं आहे.

थांबायचं का, त्याचं कारण टीव्हीच्या रचनेतच आहे. चित्र आणि आवाज संचात एकत्र शिरतात, पण पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत चित्राची लहर आणि आवाजाची लहर यांच्यात साडेपाच मेगाहर्ट्झचं अंतर असतं. ट्यूनरमधून दोन्ही बरोबर येतात. मग एक छोटा फिल्टर आवाजाचा भाग बाजूला काढतो, एक आयसी त्यातून बोलणं-गाणं वेगळं करते, दुसरी आयसी ते मोठं करते आणि शेवटी स्पीकर वाजतो. म्हणजे चित्र स्वच्छ असेल, तर मुख्य वीजपुरवठा, पिक्चर ट्यूब आणि उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर ही सगळी महागडी मंडळी बहुधा धडधाकट आहेत. दोष उरतो तो आवाजाच्या छोट्या वाटेवर आणि तिथले बरेचसे सुटे भाग स्वस्त असतात.

दोष त्या वाटेवर नेमका कुठे, हे ओळखायला आधी शांतता कशी आहे ते ऐका. होय, शांततेचेही प्रकार असतात. रात्री घर निवांत असताना आवाज पूर्ण वाढवा आणि स्पीकरच्या जाळीजवळ कान न्या. काहीच नाही, बारीकशी गुणगुणसुद्धा नाही, तर दोष वाटेच्या शेवटी आहे. स्पीकर, त्याची तार, आवाज मोठा करणारी आयसी किंवा तिला मिळणारी वीज, यांपैकी काहीतरी गेलं आहे. नुसती ‘सूंऽऽ’ अशी खरखर येते पण बोलणं येत नाही, तर शेवटचा भाग जिवंत आहे, दोष त्याआधीचा आहे. एकसारखा जाड ‘हूंऽऽ’ येत असेल, तर वीज गाळणारा कपॅसिटर थकला आहे. आवाज बारीक, पत्र्यासारखा येत असेल, तर स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवरचा कपॅसिटर वाळला असण्याची शक्यता मोठी. आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली की आवाजात ‘बर्रर’ होत असेल, तर ट्यूनिंग किंवा आवाजाच्या विभागाची जुळणी सरकली आहे. काही संचांत सिग्नल नसला की निळा पडदा येतो आणि आवाज आपोआप बंद होतो. अशा संचाची परीक्षा चित्र चालू असतानाच करा.

आता झाकण न उघडता घरी काय तपासता येईल, ते पाहू. रिमोटवर म्यूटचं बटण दाबलं गेलं आहे का? सेट टॉप बॉक्सचा आवाज वेगळा असतो, तो कमी तर नाही ना? एकाच वाहिनीला आवाज नसेल आणि बाकीच्यांना असेल, तर दोष टीव्हीचा नाही. संचाला इअरफोनचं भोक असेल तर तिथे खास लक्ष द्या. इअरफोन घातला की आतली पट्टी सरकते आणि स्पीकर तुटतो. वर्षानुवर्षांच्या धुळीनं आणि गंजानं ती पट्टी तशीच अडकून राहते. मग इअरफोन नसतानाही स्पीकर मुका. इअरफोनची पिन दहा-वीस वेळा आत-बाहेर केली तर पुष्कळदा आवाज परत येतो.

यानंतर तारा बघा. केबलचं डिजिटायझेशन २०१२ साली महानगरांत सुरू झालं आणि २०१७ पर्यंत ग्रामीण भागापर्यंत आलं. पुढे दूरदर्शननंही आपली जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणं बहुतेक ठिकाणी बंद केली. त्यामुळे आज जुना टीव्ही चालतो तो सेट टॉप बॉक्सच्या जोरावर. त्याच्या तीन तारांपैकी पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. एकाच स्पीकरच्या संचाला आवाजाचं एकच भोक असतं, तिथे पांढरी लावा. काही बॉक्सना एकाच बारीक पिनेतून तिन्ही तारा निघतात. अशा सगळ्या केबल दिसायला सारख्या, पण आतली जोडणी वेगळी. चुकीची केबल आणली की आवाजाच्या जागी चित्राचा सिग्नल जातो आणि स्पीकरमधून नुसती भणभण ऐकू येते. बॉक्सबरोबर आलेली केबल म्हणूनच जपून ठेवावी.

टीव्हीला तीन तारांची सोय नसेल, तर आरएफ मॉड्युलेटर नावाची डबी अँटेनाच्या भोकाला लावतात. तिची आवाजाची पद्धत ५.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ‘बी-जी’वर हवी. हाच घोटाळा परदेशातून आणलेल्या संचांत होतो. इंग्लंड आणि हाँगकाँगमध्ये हे अंतर ६ मेगाहर्ट्झ होतं, चीनमध्ये ६.५, अमेरिकेत ४.५. इंग्लंडहून आणलेल्या जुन्या संचाला इथे चित्र सुरेख दिसायचं आणि आवाजाच्या नावानं खरखर. संचात काहीच बिघडलेलं नसायचं. मल्टिसिस्टिम टीव्हीत मुलांनी रिमोट दाबता दाबता ही पद्धत बदलली, तरी तेच होतं.

एवढं करूनही आवाज आला नाही, तर मेकॅनिकला बोलवा. झाकण स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबवर २० ते २५ हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. वीजपुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठा राहतो. काही संचांची चासी थेट घरच्या विजेला जोडलेली असते. अशा संचाला घरच्या घरी भोक पाडून तीन तारांची सोय करणं म्हणजे जिवाशी खेळ.

मेकॅनिकलाही आपला खान्देशी उन्हाळा माहीत असावा लागतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत, बंद पेटीच्या आत त्याहून जास्त. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बाबतीत ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आवाजाची आयसी स्वतः तापते. तापणं आणि निवणं यांत तिच्या पायांभोवतीचं सोल्डर तडकतं. आवाज कधी येतो, कधी जातो, पेटीवर थाप मारली की परततो, हे त्याचं लक्षण. थाप हा इलाज मात्र नव्हे, सोल्डर नव्यानं करणं हाच इलाज. वीज जाऊन परत येते तेव्हाचा झटकाही या भागांना सोसवत नाही. म्हणून वीज गेली की टीव्हीचं बटण बंद करा.

चांगला कारागीर आधी आयसी बदलत नाही. तो स्पीकरची एक तार सोडवून त्याला पेन्सिल सेल टेकवतो. ‘खट’ आवाज आला, तर स्पीकर ठीक. मग आयसीला वीज मिळते का ते मीटरनं पाहतो. वाटेतला फ्यूजसारखा रेझिस्टर उडाला असेल, तर तो का उडाला हे शोधतो. स्पीकर बदलायची वेळ आली, तर जुन्यावर लिहिलेले ओहम बघून तेवढ्याच ओहमचा घालतो. १६ ओहमच्या जागी ४ ओहमचा घातला, तर आज आवाज येईल आणि थोड्याच दिवसांत आयसी जळेल.

तुम्ही त्याला सांगा, आवाज एकदम गेला की हळूहळू, खरखर आहे की मुकाट, संच तापल्यावर जातो की सुरुवातीपासून नाही. एवढ्या माहितीनं त्याचं निम्मं काम होतं.

पिक्चर ट्यूबच थकली असेल, तर मात्र खर्च करू नका. पण तेव्हाही ती उकिरड्यावर फोडू नका. तिच्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच ती द्या.

पण चित्र स्वच्छ असेल आणि फक्त आवाज गेला असेल, तर त्या संचाला एक संधी द्या. आजोबांना नवा, मोठा पडदा नको असतो. त्यांना संध्याकाळच्या बातम्या ऐकायच्या असतात.