बागेतला कोळी : मित्र की शत्रू?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



बाप्पा येण्यापूर्वी आपण सर्वांनी घरातली जळमटं काढली असतील. घरात ते ठीकच. पण गावाकडच्या फळबागेत कोळ्यावर असा हात उचलू नका, एवढंच सांगायला मी उभा आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या बागा गावी आहेत आणि आपण बंगळूरहून फोनवर सल्ले देतो. आमची द्राक्षबाग सांगली जिल्ह्यात. एका वर्षी भाऊ म्हणाला, "पानांवर कोळी दिसतोय." मी म्हटलं, "मग औषध मार." त्याने घरात होतं ते जहाल कीटकनाशक फवारलं. महिन्याभरात पानं पिवळी पडली आणि पुन्हा औषधाचा खर्च आला. त्याने पाहिले होते ते उड्या मारणारे, शिकारी कोळी. मी समजलो लाल कोळी!

घोटाळा नावाचा आहे. दोघांनाही आठ पाय. लाल कोळी ही टाचणीच्या टोकाहून लहान कीड पानाखाली राहून रस शोषते. खरा कोळी पानाला तोंडही लावत नाही. तो तुडतुडे, मावा, पतंग, लहान अळ्या खातो. सगळेच कोळी जाळं विणत नाहीत, काही पानांवर दबा धरून बसतात. आमच्या फवारणीत तेही मेले आणि लाल कोळीवर जगणारे बारीक जीवही. मग किडीला रान मोकळं झालं.

2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातले कोळी वर्षाला 40 ते 80 कोटी टन भक्ष्य खातात. त्यात मोठा वाटा जंगलांचा आणि गवताळ रानांचा. शेतीचा फारच थोडा, कारण तिथे आपण त्यांना टिकू देत नाही.

आपल्या हेब्बाळच्या राष्ट्रीय संस्थेने 2010 मध्ये पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी पोर्तो रिकोहून बारीक गांधीलमाश्या आणवल्या, वाढवल्या आणि तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्रात सोडल्या. कीड आटोक्यात आली. कोळ्यांचं तसं करणं अवघड. एकत्र ठेवले तर ते एकमेकांनाच खातात. म्हणजे कोळी विकत आणायचा नाही, आहे तो राखायचा.

कोळी एकटा सगळी कीड संपवत नाही, कधी मधमाशीही धरतो. फवारणी लागेलच, पण ती कीड मोजून, नेमक्या औषधाची असावी. झाडांखाली थोडं गवत, पालापाचोळा राहू द्यावा.

पुढच्या वेळी गावाहून फोन आला, तर औषधाचं नाव सांगण्याआधी विचारा, "पान उलटून पाहिलंस का?" मी ते विचारलं नव्हतं.

गणपती बाप्पा मोरया!