मुलीचा पट, मुलीचा डाव

कामं आटोपून रेडिओजवळ बसला असाल. आज बोलूया बुद्धिबळाबद्दल.

मुंबईच्या खाडिलकरांच्या घरात तीन बहिणी होत्या. वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती वासंतीनं जिंकली. धाकटी रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची. मुलगी पुरुषांत कशी खेळते, म्हणून मोठा गदारोळ झाला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की बाई आहे म्हणून कुणाला स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही.

पुढे १९८१ साली हैदराबादला आशियाई महिला स्पर्धा झाली. रोहिणीनं १२ डावांत साडेअकरा गुण मिळवले. म्हणजे ११ डाव जिंकले, एक बरोबरीत, हार एकही नाही!

आता एक जुनी, सोपी सुरुवात शिकूया. तिला इटालियन म्हणतात, चारशे वर्षांहून जुनी आहे. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं न्यायचं. काळाही तेच करतो. मग राजाकडचा घोडा बाहेर काढून काळ्याच्या त्या प्याद्यावर रोख धरायचा. काळा वजिराकडच्या घोड्यानं ते राखतो. आता पांढऱ्याचा उंट तिरका बाहेर येतो. त्याची नजर काळ्या राजाच्या उंटापुढच्या प्याद्यावर. का? तर त्याला एकट्या राजाचाच आधार असतो.

यानंतर कॅसलिंग. राजा हत्तीकडे दोन घरं सरकतो, हत्ती त्याच्या पलीकडे येऊन बसतो. घर आधी सुरक्षित, मग लढाई.

बघा, वजीर अजून जागचा हललेला नाही. सगळा भार एकट्या वजिरावर टाकला, तर तोच आधी अडचणीत येतो. घरातलं कामही असंच वाटून घ्यायचं असतं ना?

तेव्हा गटाच्या बैठकीत एक पट ठेवा. शाळेची किंवा तालुक्याची स्पर्धा असेल, तर मुलीचं नाव खुल्या गटातही द्या. कुणी हरकत घेतली, तर सांगा, हा प्रश्न १९७६ सालीच मिटलाय.