पासंग आणि ताळा
(हीरक महोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



आपले भिलाई हे लोखंडाचे गाव. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोह आपल्या रक्तातही असते. पॉर्फिरिन नावाच्या कड्यासारख्या रेणूच्या मध्यभागी लोहाचा अणू बसला की हीम तयार होते. रक्ताचा लाल रंग त्याचाच. ही घडण मध्येच अडली, तर अतिरिक्त पॉर्फिरिने व त्यांची पूर्वद्रव्ये लघवीवाटे बाहेर पडू लागतात. शिशाच्या विषबाधेत असे घडते, तसेच पॉर्फिरिया या विकारातही. ही द्रव्ये मोजणे हे माझे काम.

मोजमापात दोन गुण हवेत. पुनःपुन्हा मोजूनही तोच आकडा येणे हा नेमकेपणा; तो आकडा सत्याशी जुळणे ही अचूकता. पासंग असलेला तराजू दहा वेळा तेच वजन दाखवतो आणि दहाही वेळा चुकतो.

नोकरीच्या आरंभीची गोष्ट. पोटात असह्य कळा येणाऱ्या एका तरुणीचा नमुना आला. मी तो तीनदा तपासला. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि सर्वसामान्य मर्यादेत. मी निःशंकपणे सही केली. वरिष्ठांनी एवढेच विचारले, "बाटली कुठे ठेवली होती?"

बाटली सकाळपासून खिडकीत, उन्हात होती. पॉर्फिरिने व पॉर्फोबिलिनोजेन हे पूर्वद्रव्य प्रकाशात टिकत नाहीत. शिवाय भरपूर पाणी प्यायल्याने लघवी पातळ झाली होती आणि मी क्रिएटिनिनशी प्रमाण काढले नव्हते. यंत्र निर्दोष होते. चूक नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच झाली होती.

दुसरा नमुना काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीत घेतला, क्रिएटिनिनच्या प्रमाणात मोजला आणि तीव्र पॉर्फिरियाचे निदान झाले. पहिल्या अहवालावर विसंबून तिला बार्बिट्युरेट वर्गातले एखादे औषध दिले गेले असते, तर जिवावर बेतले असते.

याच शाळेत गणिताच्या बाई सांगत, बेरीज वरून खाली केली असेल तर ताळा खालून वर करा. त्याच वाटेने गेलात तर तीच चूक पुन्हा कराल. त्या दिवशी मी तीनदा वरून खालीच बेरीज केली होती. आज प्रयोगशाळेत येणाऱ्या नवोदितांना मी पहिला धडा देते, तो बाईंचाच.