वैमानिक थॉमस व्हाइट : शौर्याची आणि न्यायाची कसोटी



पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाची मोहीम मराठी माणसाला परकी नाही. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेले सैन्य ‘पुणे डिव्हिजन’ म्हणून ओळखले जाई. त्यात १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. याच मोहिमेत टेहळणीसाठी उड्डाणे करणारे ऑस्ट्रेलियन वैमानिक म्हणजे थॉमस व्हाइट.

१८८८ साली मेलबर्न येथे जन्मलेले व्हाइट १९१४ मध्ये पॉइंट कुक येथील लष्करी विमानविद्यालयाच्या पहिल्या चार विद्यार्थ्यांपैकी एक होते. १९१५ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारने ऑस्ट्रेलियाकडे वैमानिक मागितले. जी छोटी तुकडी आली, तीतून ते मुंबईमार्गे बसऱ्यास पोहोचले. विमाने इतकी दुबळी, की समोरून जोराचा वारा सुटला म्हणजे ती पुढे जाण्याऐवजी मागे सरत.

१३ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादजवळील तारायंत्राच्या तारा तोडण्याची कामगिरी व्हाइट आणि कॅप्टन यीट्स-ब्राऊन यांनी पत्करली. उतरताना विमान तारेच्या खांबावर आदळून निकामी झाले. परतीचा मार्ग खुंटला, तरी तारा उडविल्या गेल्या. दोघेही कैद झाले. पुढे एप्रिल १९१६ मध्ये कुत पडले, तेव्हा त्यांच्या तुकडीतील नऊ जण शत्रूच्या हाती लागले. त्यांपैकी सात जण कैदेतच मरण पावले. व्हाइट १९१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून निसटले आणि एका मालवाहू जहाजात लपून ओडेसा येथे पोहोचले.

१९२० साली त्यांचा विवाह व्हेरा डीकिन यांच्याशी झाला. बेपत्ता सैनिकांचा शोध घेऊन त्यांच्या कुटुंबांना कळविण्याचे रेडक्रॉसचे कार्य या विदुषीने युद्धकाळात चालविले होते. पुढे व्हाइट संसद सदस्य व मंत्री झाले. जुलै १९३८ मध्ये नाझी छळातून सुटू पाहणाऱ्या ज्यूंसाठी एव्हियन येथे बत्तीस राष्ट्रांची परिषद भरली. तेथे ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी सांगितले, की आपल्या देशात वांशिक प्रश्न नाही आणि तो आयात करण्याची इच्छाही नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या सरकारने तीन वर्षांत पंधरा हजार निर्वासितांना प्रवेश देण्याचे जाहीर केले. पण ते उद्गार इतिहासात राहिले.

जो स्वतः परक्या जहाजाच्या आश्रयाने सुटला, त्याला दारात उभ्या असलेल्यांची व्यथा का जाणवली नाही? १९५७ साली निवर्तलेल्या या वीराच्या चरित्राला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. त्यांचे धैर्य खरे होते आणि ते उद्गारही खरे होते. चरित्र वाचणाऱ्याने दोन्ही पाने उघडी ठेवावीत, हेच इष्ट.