मनाची मशागत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा: शास्त्राप्रमाणे वागण्यासाठी मन कसे तयार करावे? मी त्यांना म्हटले, बाई, हा विषय पाळकसाहेबांचा. त्या म्हणाल्या, पाळकसाहेब दर रविवारी सांगतातच. आज घरचा स्वयंपाक उरकून शास्त्र वाचणारीने सांगावे. तेव्हा मी घरच्याच भाषेत बोलणार आहे. शेजारणींना आमच्यातली काही नावे नवीन वाटतील. पण ज्या अडचणीविषयी मी बोलणार आहे ती पोथी वाचणाऱ्या घरातही येत असेल असे मला वाटते.

अडचण ही की, वाचन होते आणि ते पुस्तकातच राहते. आमच्या पुष्कळ घरांत रोज शास्त्रपाठ होतो. आता तर अंथरुणातून उठायच्या आत मोबाइलवर वचन येऊन पडलेले असते. आपण हात जोडल्याचे चित्र धाडतो, तेच वचन आणखी दहाजणींना पाठवतो आणि दुधाच्या पातेल्याकडे वळतो. ह्यात वाईट काही नाही. पण दुपारी कोणी विचारले की सकाळचे वचन कोणते होते, तर आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल?

जुन्या करारात एज्रा नावाचा एक शास्त्री आहे. यहुदी लोक बाबेलच्या बंदिवासात गेल्यानंतर पुढल्या काळात हा तिकडून यरुशलेमेस परत आला. तो काळ परंपरेने इ.स.पू. 458 धरतात. त्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात त्याच्याविषयी एक लहानसे वाक्य आहे. त्याचा भावार्थ असा की, देवाचे नियमशास्त्र शोधून काढावे, ते पाळावे आणि मग इस्राएलास ते शिकवावे, ह्याकडे एज्राने आपले मन लावले होते. भगिनींनो, ह्यातला क्रम पाहा. शिकवणे सगळ्यांत शेवटी आहे. त्याच्या आधी पाळणे, त्याच्या आधी शोधणे, आणि ह्या सगळ्याच्याही आधी मन. आपला क्रम पुष्कळदा उलटा असतो. आपण वाचतो आणि ताबडतोब शिकवायला लागतो, मधली पायरी गाळून. सुनेला इफिसकरांस पत्रातले पत्नींविषयीचे वचन बरोबर ऐकवले जाते. पण त्याच्या लगेच आधी सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन असावे असे लिहिले आहे, ते ऐकवणारीच्या नजरेतून कसे निसटते कोण जाणे! (हसू नका, मीही आता सासू झाले आहे.)

एज्रा बोलल्याप्रमाणे वागणारा होता, ह्याची एक गोष्ट पुढल्याच अध्यायात आहे. त्याच्याबरोबर दीड हजारांहून अधिक पुरुष होते, शिवाय त्यांची मुलेबाळे, आणि मंदिरासाठी दिलेले सोनेरुपे. वाट चार महिन्यांची, चोरांची भीती. राजाकडे शिपाई मागितले असते तर मिळाले असते. पण आमचा देव आम्हांला सांभाळतो, असे तो राजाला आधीच सांगून बसला होता. आता शिपाई कोणत्या तोंडाने मागायचे? त्याला लाज वाटली. म्हणून अहवा नदीकाठी सर्वांनी उपास केला, प्रार्थना केली आणि मग ते निघाले. मला ही लाज फार मोलाची वाटते. आपण तोंडाने जे म्हणतो ते पाळावे लागेल, असे ज्याला वाटते त्यालाच ती येते.

आता मन तयार करणे म्हणजे काय करायचे? माझे माहेर शेतकऱ्याचे. प्रभूने पेरणाऱ्याचा दाखला दिला, त्यात बी एकच आहे. फरक आहे तो जमिनीचा. वाटेवर पडले ते पाखरांनी खाल्ले, खडकाळ जागी उगवले ते करपले, काट्यांत पडले ते गुदमरले. यिर्मया आणि होशेय ह्या संदेष्ट्यांनीही आपल्या लोकांना पडीक रान मोडण्याविषयी सांगितले आहे. आमच्याकडे सुगी झाली की रान नांगरून उन्हात तापत ठेवीत. हरळी आणि कुंदा ही तणे वरवर खुरपून जात नाहीत. त्यांच्या मुळ्या खोल असतात. त्या वर काढून उन्हात वाळवाव्या लागतात. वळवाचा पाऊस झाला की ढेकळे फुटत, मग कुळवाच्या पाळ्या, मग धसकटे वेचणे. हे वेचण्याचे काम आम्हा बायकांचे. कंबर मोडून जाई, आणि काम दिसतही नसे, कारण रानात हिरवे असे काहीच नसते. पण ते न करता पाभर धरली तर बियाणे वाया.

मनातली हरळी कोणती, हे ज्याचे त्याला ठाऊक. माझ्या ओळखीच्या दोन जावांची हकिगत सांगते. नावगाव सांगत नाही. थोरलीने सांगायला परवानगी दिली आहे. सासूबाई वारल्यावर त्यांच्या सोन्याच्या पाटल्यांवरून ह्या दोघींचे बिनसले. तीन वर्षे बोलणे नाही. एकाच चर्चमध्ये जात, एक डाव्या बाकावर, एक उजव्या. घरी दोघींचेही शास्त्रवाचन चालू. थोरली मत्तयाचे शुभवर्तमान क्रमाने वाचीत होती. पाचव्या अध्यायात ती त्या ठिकाणी आली, जिथे प्रभू सांगतो की वेदीपाशी दान आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करायला जा. तिने पुस्तक मिटले. मला म्हणाली, "पुढचा अध्याय वाचायला लाज वाटेना का, पण हात पान उलटेना."

ती लगेच गेली नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. तिला जायचेच नव्हते. पंधरा दिवस तिने तेवढाच भाग वाचला आणि प्रार्थनेत एवढेच मागितले की, प्रभो, मला जाण्याची इच्छा दे. समेट मागितला नाही, पाटल्या मागितल्या नाहीत, नुसती इच्छा. माझ्या मते मनाची तयारी ती हीच. मन तयार आहे असे खोटे न म्हणता, ते तयार नाही असे देवापुढे कबूल करायचे आणि तिथून सुरुवात करायची. सोळाव्या दिवशी कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन ती धाकटीच्या दारात गेली. धाकटीने बरणी घेतली, पण या, बसा म्हटले नाही. महिन्याने बरणी धुऊन परत आली, आत शेंगदाण्याची चटणी. आता दोघी बोलतात. पाटल्या अजून धाकटीकडेच आहेत.

आपल्या मराठी मंडळीत एज्राच्या क्रमाने चाललेली बाई शोधायची तर मला पंडिता रमाबाई दिसतात. लहानपणी आईकडून शिकून त्यांना पुराणांतले हजारो श्लोक पाठ होते. ग्रंथ पाठ असणे त्यांना नवे नव्हते. 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, त्यानंतरही काही वर्षे आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विद्वान बाई, आणि हे सांगायला कचरली नाही! 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा आणल्या, त्यांना केडगावच्या मुक्तिसदनात ठेवले. आधी त्यांच्या पोटाला घातले. आणि मग, साध्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरवायचे म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून भाषांतराला बसल्या. काम पुरे झाले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या देवाघरी गेल्या. मुक्तिसदनातल्या छापखान्यात बायकांच्याच हातांनी छापलेले ते पुस्तक 1924 साली निघाले.

ज्या वाचनाने माणसे बदलली असे एक मोठे वाचन नहेम्याच्या आठव्या अध्यायात आहे. तो अध्याय घरी गेल्यावर जरूर वाचा. यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात लोक जमले. पुरुष आणि स्त्रिया, असे शास्त्रात स्पष्ट लिहिले आहे, आणि ज्यांना ऐकून समजेल ते सगळे. पहाटेपासून दुपारपर्यंत एज्रा वाचत होता आणि लेवी अर्थ समजावून सांगत होते. लोक ऐकून रडू लागले. त्यांना सांगण्यात आले की आज रडू नका. घरी जा, गोडधोड खा, आणि ज्यांच्याकडे काही रांधलेले नाही त्यांना वाटा पाठवा. दुसऱ्या दिवशी वाचताना मांडवांच्या सणाची आज्ञा सापडली, तर त्यांनी वाचन थांबवून चर्चा घातली नाही. डोंगरावर गेले, डहाळ्या तोडून आणल्या, आणि कोणी धाब्यावर, कोणी अंगणात मांडव घातले. वाचल्यावर हात हलले!

तेव्हा माझी एक सूचना आहे. बुधवारच्या सभेत आपण दोन-दोन अध्याय वाचतो ते थोडे कमी करू. आधी पाच मिनिटे सगळ्यांनी गप्प बसावे. मग दहा-बारा ओव्याच वाचाव्या, आणि पुढच्या बुधवारी पहिल्याने, त्यातले काय करता आले ते जिला सांगावेसे वाटेल तिने सांगावे. जिला जमले नसेल तिने तसे सांगितले तरी चालेल.

आणि आजच्या फराळापुरते सांगायचे तर, दोन वृद्ध भगिनी आजारी असल्यामुळे आज येऊ शकल्या नाहीत, आणि नळाजवळच्या घरात बाळंतीण आहे. फराळाची ताटे लावण्याआधी त्या तिघींचे डबे भरावे, आणि पोचवायला कोण जाणार ते आत्ताच सांगावे.