कमरेचे माप बसवूनही घ्या



शिलाईचे दर, कारागिरांची टंचाई, तयार कपड्यांची स्पर्धा हे विषय अधिवेशनाच्या उद्याच्या सत्रांत येणारच आहेत. मला आज परकराच्या नाडीबद्दल बोलायचे आहे.

२०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी इथल्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिगत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांची, नाडीचा परकर घालणारी. तिच्या उजव्या कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी साठी उलटलेली, परकर न घालता लुगडे नेसणारी. चाळीस वर्षे कमरेला तशीच घट्ट गाठ. दोघींनाही त्वचेचा कर्करोग निघाला. दुसरीचा तर जांघेपर्यंत पोहोचला होता. टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह धोतराच्या काचाने होणाऱ्या कर्करोगाची नोंद १९४५ सालीच करून ठेवली होती. आपण परकर मात्र होता तसाच शिवत आलो.

असा कर्करोग क्वचितच होतो, कुणी घाबरून जाऊ नये. पण त्याच्या अलीकडच्या पायऱ्या घरोघर आहेत. आपल्या व्यवसायभगिनी माप घेताना त्या पाहतात: कमरेभोवती काळपट वळ, मध्येच पांढुरकी पडलेली कातडी, उन्हाळ्यात घामाने चिघळलेली जागा. विचारले तर उत्तर येते, "नाडी काचते हो, चालायचंच." हे 'चालायचंच' मला ऐकवत नाही.

नाडी इतकी आवळायची कशाला? साडी सुटेल या भीतीने. साडेपाच मीटर कापड, निऱ्या, पदर, साऱ्यांचा भार एका दोरीवर. गर्दीच्या एसटीत चढणारी, फळ्यावर हात उंच करून लिहिणारी, रुग्णाच्या खाटेशी वाकणारी बाई दिवसभर कमरेची गाठ चाचपत असते. तिचे निम्मे चित्त तिथेच अडकलेले. ही ओढाताण कुठल्याही तपासणीत दिसत नाही. ती कपड्याने दिलेली आहे, आणि कपडा आपण दिलेला आहे.

उपाय आपल्याच हातात आहे. अर्ध्या सेंटिमीटरच्या नाडीऐवजी चार सेंटिमीटरचा पट्टा लावला, तर तेवढ्याच ताणाला कातडीवरचा दाब आठव्या हिश्श्यावर येतो. पट्ट्याला हुकांची दोन-तीन घरे ठेवा, म्हणजे जेवल्यावर एक घर सैल करता येईल. मागे थोडे इलास्टिक, आतून मऊ सुती कापड, जाड शिलाई बाहेरच्या अंगाला. कळ्यांना असा आकार द्या की परकर नितंबांवर टेकेल आणि कमरेवरचा भार हलका होईल. माप तर आपण कायम उभ्याने घेतो. बाई मांडी घालून बसली की कमरेचा घेर वाढतो आणि सकाळी उभ्याने बांधलेली नाडी रुतू लागते. म्हणून बसवूनही माप घ्या. लुगडे नेसणाऱ्या आजींना गाठ थोडी सैल ठेवायला आणि तिची जागा रोज बदलायला सांगा. हे सांगायला पैसे पडत नाहीत.

हीच नजर ब्लाउजलाही हवी. खांदा आखडलेल्या बाईला मागे हूक लावून देणे हा निव्वळ छळ आहे. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या कितीतरी जणी लग्नकार्याला जायचे टाळतात, कारण ब्लाउज एका बाजूला रिकामा दिसतो. अस्तरात आतून एक कप्पा शिवला की त्यात कृत्रिम स्तन नीट बसतो. अर्ध्या तासाचे काम, पण ती बाई पुन्हा चारचौघांत मोकळेपणी वावरू शकते.

अधिवेशनापुढे मी ठराव मांडते: शिवणाच्या प्रत्येक वर्गात पट्ट्याचा परकर नाडीच्या परकराआधी शिकवावा, आणि दोन्हींची शिलाई सारखीच घ्यावी. नमुने मागच्या टेबलावर तीन मापांत ठेवले आहेत. जेवणाच्या सुट्टीत ते उलटून, ताणून पाहा, आणि दुपारच्या सत्रात ठराव मताला टाकण्याआधी सुधारणा सुचवा.