अकरा मिनिटांची फिल्म

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. रात्री कामं आटोपली की चित्रकारांनी केलेल्या छोट्या फिल्म बघायचा मला नाद आहे. संयोजकांना ते कळलं आणि त्यांनी त्यावरच बोलायला सांगितलं. बोलते. पण त्यात माझी एक चूक कबूल करायची आहे.

तीन महिन्यांपूर्वी आपल्या ग्रुपवर ठरलं, की प्रत्येकानं 'माझा प्रवास' म्हणून मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ करायचा आणि मी ते सगळे जोडून एक फिल्म बनवायची. एकूण ३८ व्हिडिओ आले. कुणाचा विमानतळ, कुणाची नवी गाडी, कुणाच्या मुलीचा पदवीदान समारंभ, कुणाच्या दारापुढचा बर्फ. मी प्रत्येकाला ३० सेकंद दिले. एकाचा व्हिडिओ मात्र ११ मिनिटांचा होता. नाव सांगत नाही, तो इथंच बसलाय. त्यानं मोटारसायकलला मोबाइल बांधला होता आणि वस्तीपासून शाळेच्या फाटकापर्यंतचा रस्ता नुसता दाखवला होता. बोलणं नाही, गाणं नाही. मी दोन मिनिटं बघितलं, कंटाळले आणि फाटकाचे २० सेकंद ठेवून बाकी उडवून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात मकबूल फिदा हुसेन यांची एक फिल्म बघायला बसले. हुसेन आपल्या पंढरपूरचे. १९१५ साली इथं जन्मले. ते तान्हे असतानाच आई गेली आणि तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. पुढं ते इंदूरला वाढले, मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवली आणि जगप्रसिद्ध झाले. पन्नाशी उलटल्यावर, १९६७ साली, त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी पहिली फिल्म केली, 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'. ब्लॅक अँड व्हाइट, पाव तासाच्या आसपासची. राजस्थानात बुंदी, चितोड, जैसलमेर असा फिरणारा चित्रकार काय काय बघतो, एवढंच तिच्यात आहे. निवेदन नाही, गोष्ट नाही. किल्ल्याच्या भिंती, गुरं, माणसं, वाळू आणि मधेच कुठंतरी एक छत्री, एक कंदील, एक जोडा. संगीत विजय राघव राव यांचं. या फिल्मला त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांचं गोल्डन बेअर मिळालं.

पहिल्यांदा बघताना मी वाट बघत होते, की आता काहीतरी घडेल. काही घडत नाही. दुसऱ्यांदा बघितली तेव्हा ती छत्री परत दिसल्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. छत्री आणि कंदील त्यांच्या चित्रांतही आयुष्यभर येत राहिले. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी भारताबाहेर काढली, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ साली लंडनमध्ये ते वारले. माणूस कुठल्या कुठं जातो. पण पासपोर्ट बदलला म्हणून त्याच्या डोळ्यांत बसलेल्या वस्तू बदलत नाहीत.

दुसरी फिल्म फ्रान्सिस अलिस या कलाकाराची. हा मूळचा बेल्जियमचा, शिक्षणानं वास्तुविशारद, १९८६ पासून मेक्सिकोत राहिलेला. २००२ साली त्यानं पेरू देशात लिमा शहराबाहेरच्या एका वाळूच्या टेकडीवर ५०० जणांना हातात फावडी देऊन एका रांगेत उभं केलं. त्यांत बरेचसे विद्यार्थी होते. ते वाळू उपसत टेकडी चढले आणि पलीकडे उतरले. त्या दिवसाअखेर टेकडी किती सरकली? सुमारे १० सेंटिमीटर. माझ्या ऑफिसात ५०० माणसं लावून एवढंच काम झालं असतं, तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. पण ती रांग बघताना मला आपली वारी आठवली. तिथंही कोणी हिशेब करत नाही, की एवढं चालून किती सेंटिमीटर काय सरकलं.

आणि मग लक्षात आलं, की आपण पंढरपूरची मुलं. लाखो माणसांचा प्रवास जिथं संपतो, तिथं आपला सुरू झाला. आषाढीला याच वर्गांतून वारकरी उतरायचे, आपल्याला सुट्टी मिळायची. सगळं जग इथं चालत येत होतं आणि आपण कधी एकदा बाहेर पडतो याची वाट बघत होतो. त्यात वाईट काही नाही. पण 'प्रवास' म्हटल्यावर आपल्यातल्या ३७ जणांनी गाव सोडून जाण्याचाच प्रवास दाखवला. एकानं शाळेत येण्याचा दाखवला.

त्या रात्री मी ती ११ मिनिटं पूर्ण बघितली. वस्तीवरची चिंच आहे अजून. पुढं ओढा, पावसाळ्यात पाणी चढलं की हा दोन-दोन दिवस शाळेत यायचा नाही आणि सर छडी मारायचे, तो. आता तिथं पूल आहे. जिथं ज्वारी असायची तिथं ऊस आणि डाळिंब. उजनीचा कालवा. ट्रॅक्टरमागं चालणारे बगळे. एका बांधावर तो गाडी थांबवतो, थोडा वेळ काहीच हलत नाही, फक्त वारा ऐकू येतो. त्याच बांधावर त्याच्या वडिलांना त्यानं शेवटचं बघितलं होतं. हे मला मी फोन केला तेव्हा कळलं. व्हिडिओत त्यानं सांगितलेलं नाही. आणि मी ते कापलं होतं.

मित्रा, फोनवर तू म्हणालास, "जाऊ दे गं, तुम्हा लोकांना वेळ कुठं असतो." ते मला फार लागलं, कारण ते खरं होतं. सर्वांसमोर तुझी माफी मागते.

संयोजकांनी मला भाषणाला २० मिनिटं दिली होती. मी मुद्दाम लवकर थांबते आहे. उरलेल्या वेळात ती फिल्म पूर्ण लावायची आहे. एक सेकंदही कापलेला नाही. मागच्या बाकावरच्यांनी पुढं या. आणि सर, ओढा आला की तुम्ही नीट बघा.

कुणीतरी दिवे बंद करा.